शेवाळाला वळसा

श्रावण लागून आठवडा झाला की मी आमच्या धुळ्याच्या घरामागे पाट टाकून बसते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात छत्री आणि नाक कुंडीला टेकलेलं. शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून दरवर्षी विचारतात, "काय हारपनं व ताई?" मी दरवर्षी सांगते, हरवलं काही नाही अक्का, सापडलंय. त्या मान हलवतात आणि आत जाऊन सुनेला सांगतात की मास्तरीणबाईंचं पुन्हा सुरू झालं.

झालंच आहे सुरू. मला शेवाळाचं वेड आहे हे मी लपवत नाही. कॉलेजातली पोरं पाठीमागे मला शेवाळबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे, आणि याहून वाईट नावं पडलेले शिक्षक आमच्या स्टाफरूममध्ये बसतात. खानदेशात शेवाळ म्हटलं की लोक आधी हसून घेतात. आपल्याकडे ऊन आहे, केळी आहे, कापूस आहे. शेवाळ बघायचं तर कोकणात जावं, असं सगळ्यांचं ठाम मत. माझं मत त्याहून ठाम आहे. ज्या फरशीवर मे महिन्यात अनवाणी उभं राहवत नाही, तिच्याच सांध्यांतून ऑगस्टात हिरवं वर येतं, आणि ते एक नसतं. कूलर उन्हाळाभर ज्या विटांवर ठिबकत होता तिथे एक, आखूड आणि दाट. नळाखालच्या सिमेंटवर दुसरं, इवलीइवली पानं दोन रांगांत नीट बसवलेली. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तिसरं. आणि तुळशीच्या कुंडीत, मातीला अंग चिकटवून, रिक्सिया. आधीची तिन्ही मॉस, ही मॉसही नाही, तिच्या जातीला लिव्हरवर्ट म्हणतात. तिला खोड नाही, पान नाही. एक हिरवी चपटी फीत, तिला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी दोन, असं करत रुपयाएवढी चकती होते. आपण रोज तिच्यावर पाणी ओततो, हात जोडतो आणि तिला कधी बघत नाही.

कुणाचंही परस मला पाच मिनिटं दाखवा. नळाचा वायसर कधीपासून गेलाय, भांडी कुठल्या कोपऱ्यात घासतात, भिंतीला चुना आहे की सिमेंट, ऊन कुठल्या बाजूने येतं, हे सगळं मी शेवाळ बघून सांगते. सहसा चुकत नाही. हा आत्मविश्वास मला फार लवकर आला. इतका लवकर, की त्याच्याच भरात मी एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा जन्मभराचा नेम मोडला. माझ्या कुंड्या हिरव्या झाल्या की दरवर्षी तो पावसाळा मला आठवतो.

त्याला आता तेराएक वर्षं झाली. मी जळगावला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि काकीजींच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होते. काकीजी म्हणजे कंचनकाकीजी, सत्तरीच्या, जैन, माहेर आणि सासर दोन्हीकडून मूळच्या मारवाडच्या. पण जन्म जळगावचा, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, फक्त मधूनमधून हिंदीची फोडणी. मुलगा पुढच्या बाजूला कापडाचं दुकान चालवायचा. सून, म्हणजे संगीताभाभी, घर आणि घरातल्या माणसांचे नेमधर्म दोन्ही सांभाळायच्या आणि दोन्हींबद्दल कुरकुर करायच्या. खोली देताना काकीजींनी मला अटी सांगितल्या त्या सोप्या होत्या. चातुर्मासात कांदा-लसूण-बटाटा खोलीत आणायचा नाही. दिवा लावला की झाकायचा, किडे पडतात. आणि मी ट्रंक उचलून परसात पहिलं पाऊल टाकणार तेवढ्यात त्या मागून म्हणाल्या, "बघून पाय टाक गं. जिवंत आहे ते."

मी खाली बघितलं. मला वाटलं गोगलगाय असेल. तिथे भिंतीच्या कडेला नुसतं शेवाळ होतं.

काकीजी त्याला लीलण-फूलण म्हणायच्या. पावसाळ्यात भिंतीवर, फरशीवर, शिळ्या अन्नावर जे काही हिरवं-पांढरं उगवतं ते सगळं त्यात आलं. सुईच्या टोकावर मावेल एवढ्याशा लीलणमध्ये अनंत जीव असतात, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून त्याच्यावर पाय द्यायचा नाही, खरवडायचं नाही, पाणी ओतायचं नाही, फिनेल तर नाहीच. पण शहाण्या बायका तेवढ्यावर थांबत नाहीत. ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधी, त्या परसातल्या शहाबादी फरशीला चुना फासून घ्यायच्या, म्हणजे तिथे मुळात काही उगवतच नसे. उगवण्याआधी काळजी घ्यायची आणि उगवल्यावर वळसा घालायचा, असा सगळा हिशोब. भिंत मात्र त्यांनी कधी रंगवली नव्हती. ती उत्तरेकडे तोंड करून उभी असलेली जुनी चुन्याची भिंत, आणि तिच्यावर कितीतरी वर्षं कुणी खराटा मारला नव्हता. पहिल्या आठवड्यातच मी भिंग घेऊन तिच्यापुढे बसले आणि जेवायची वेळ टळली तरी उठले नाही.

माझ्या प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला. घरोघरच्या बागांमधलं शेवाळ. आमच्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जळगावात? अगं, तुला चार नमुने तरी मिळतील का?" मी म्हटलं, मॅडम, चार तर एकाच भिंतीवर आहेत. त्यांनी सही केली, पण प्रोजेक्टला नमुने लागतील, नुसत्या गप्पा चालणार नाहीत, असंही बजावलं. वाळवलेले नमुने, पाकिटात घालून, चिठ्ठी लावून. मग मी कॉलनीभर फिरले. वकिलीणबाईंच्या गुलाबाच्या कुंड्या, पोस्टमन नानांच्या पाण्याच्या टाकीचा बुडखा, एका घरी तर धुणं धुवायच्या दगडाची मागची बाजू. लोकांनी कौतुकाने चहा पाजला आणि मी यायच्या आदल्या दिवशी बाई लावून परस घासून ठेवलं. पाहुणी येणार म्हणून. असे कितीतरी नमुने खानदेशी पाहुणचारात वाहून गेले. शेवटी जे जे मला हवं होतं ते सगळं काकीजींच्या परसातच उरलं, आणि तिथे हात लावायची मनाई होती.

"बघ की. दिवसभर बघ," काकीजी म्हणायच्या. "डोळ्यांनी बघितल्यावर कुणी मरत नाही."

त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचंच त्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू. ते नेमकं ज्येष्ठात, आणि त्या गडबडीत फरशीला चुना लावायचा राहून गेला. भाभींनी लावते-लावते म्हणत दोन आठवडे काढले आणि पाऊस आला. पंधरा दिवसांत मागच्या दारापासून मागच्या फाटकापर्यंत, वीस पावलांची फरशी, हिरवी झाली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. काकीजी मात्र दाराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. चातुर्मासात रोज सकाळी स्थानकात, म्हणजे जैन साधू मुक्कामाला असतात त्या वास्तूत, जाऊन महाराजसाहेबांचं प्रवचन ऐकायचं, हा त्यांचा नेम. लग्न होऊन आल्यापासून चुकलेला नव्हता. पुढच्या दाराने जायचं तर दुकान, गिऱ्हाईकं, मग रिक्षांनी भरलेला मोठा रस्ता, आणि डॉक्टरांनी गर्दीत एकटीने फिरू नका असं सांगितलेलं. मागच्या फाटकातून गल्ली सरळ स्थानकात जायची. मध्ये फक्त ती वीस पावलं.

त्याच सुमारास माझी आई मला भेटायला पारोळ्याहून आली. खेड्यातली बाई, आयुष्यभर शेतात आणि अंगणात राबलेली. तिने पिशवीतले शेंगदाणे खाली ठेवले, परस पाहिलं, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि लुगड्याचा काष्टा आवळला. "म्हातारी मानूस शे घरमा, पाय घसरी गया म्हंजे? हाई बठ्ठं दोन मिनिटमा काढी टाकस मी." तिचा खराटा फरशीला टेकायच्या आत काकीजींनी तिचा हात धरला. दोघी एकमेकींचा हात धरून बराच वेळ उभ्या. मग काकीजींनी तिला आत नेऊन समजावलं, आणि आई बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "हाई बाई झुरळ बी मारस नही, शेवाय बी काढस नही. कसं चालस व हिन्हं घर?" पण खराटा तिने जागच्या जागी ठेवला, आणि जाताना स्वतःही भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरून गेली.

मार्ग मला सुचला, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. दुरून हिरवी दिसणारी फरशी जवळून सगळीकडे हिरवी नसते. पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात त्याच्या आत एक वीतभर पट्टी कोरडी राहते. जिथे भाभी काकीजींच्या नकळत गरम पाण्याचं पातेलं रिकामं करून गेल्या असतील तिथे टक्कल. दोन फरशा लोखंडी घमेल्याखाली असायच्या, त्या कोऱ्या. मी पहाटे उठून, उजेड झाल्याबरोबर भिंग लावून, जिथे खरोखर काही नाही तेवढीच जागा शोधली आणि रांगोळीची बारीक रेघ ओढत फाटकापर्यंत गेले. वीस पावलांच्या जागी अठ्ठावीस झाली. मग काकीजींना बोलावलं.

"रेघेच्या डावीकडे पाय टाका. मी शब्द देते, तिथे काही नाही."

त्या डोळ्यावर हात धरून रेघेकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून, लहान मुलीसारखं एकेक पाऊल मोजत, फाटकापर्यंत गेल्या. फाटकाशी वळून हसल्या, आणि मला हात जोडले. सत्तर वर्षांच्या बाईने वीस-बावीस वर्षांच्या पोरीला. मला कसंतरीच झालं. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर रोज सकाळी ती रेघ काढायचं काम माझ्याकडे आलं. पाऊस तिला धुऊन टाकायचा आणि शेवाळ रोज थोडं सरकायचं, त्यामुळे कालची रेघ आज चालत नसे. त्या कामाने मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजने शिकवलं नाही. कुठलं मॉस चार दिवसांच्या उघडिपीत मागे हटतं, कुठलं तसंच धरून राहतं, रिक्सिया फरशीवर न येता सांध्यातल्या मातीतच का थांबते, हे मला रेघेमुळे कळलं. काकीजी प्रवचनाहून आल्या की पायरीवर बसून विचारायच्या, आज काय नवीन? मी सांगायचे. लिव्हरवर्टमधला लिव्हर म्हणजे यकृत, जुन्या लोकांना त्याचा आकार तसा वाटला, असं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तर पाय टाकायचाच नाही." एकदा मी माझं भिंग त्यांच्या चांगल्या डोळ्याला लावलं आणि भिंतीवरचं मॉस दाखवलं. देठांच्या टोकांवर इवल्या कुप्या, प्रत्येक कुपीला टोकदार झाकण. मग भिंग परत देत म्हणाल्या, "नाव माहीत नसताना एवढं सांभाळलं. आता नाव पण कळलं."

भाभी तेवढ्यात आतून ओरडल्या, "सांभाळा, सांभाळा! घसरून कुणाचा पाय मोडला की तुमचं ते मॉसच येईल दवाखान्यात डबा घेऊन!"

दसऱ्यापर्यंत हे असं चाललं. मग आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन पडलं. आठ दिवसांत फरशीवरचं हिरवं तपकिरी झालं, मग काळपट, मग त्याच्या खपल्या सुटायला लागल्या. घरोघर दिवाळीची साफसफाई निघाली. प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आलेली, आणि माझ्याकडे काकीजींच्या परसातला एकही नमुना नव्हता, नुसत्या वहीत काढलेल्या आकृत्या होत्या. एके दिवशी दुपारी काकीजी फरशीकडे बघत उभ्या होत्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "काकीजी, आता हे मेलं. बघा ना, वाळून कोळसा झालाय. आता झाडलं तर काही हरकत नाही."

"वाळलं ते दिसतंय. पण जीव गेला?"

"गेला."

"नक्की?"

"नक्की. कोरड्यात काय जगणार?"

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "तू सायन्सवाली. तुझ्या शब्दावर झाडू?"

मी हो म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता. रोज सकाळी माझ्या शब्दावर त्या पाऊल टाकत होत्या आणि माझा शब्द एकदाही चुकला नव्हता. मला त्या शब्दाची चटक लागली होती. शिवाय मला नमुने हवे होते. ही दुसरी गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही.

काकीजींनी लोकरीची मऊ पूंजणी आणली. बसायच्या जागेवरची मुंगीसुद्धा दुखावू नये म्हणून वापरतात ती. त्या पूंजणीने त्यांनी सगळी फरशी स्वतः झाडली, वाकून, दोन दिवस. भिंतीवरून आपोआप सुटलेल्या खपल्या वेगळ्या काढल्या. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं त्या जपून ठेवायच्या, जाड कागदाची, गणपतीची किंवा कलशाची चित्रं असलेली. त्यातली सात निवडून प्रत्येकात एकेका जागेचं शेवाळ भरलं आणि वर आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: भिंत वरची बाजू. नळाशेजारी. घमेल्याजवळ. उरलेलं सगळं सुपात घेऊन कोपऱ्यातल्या केळीखाली, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, हळूच ठेवून आल्या. फरशी स्वच्छ झाली, भाभींनी दारात मोठी रांगोळी काढली, आणि मी सात पाकिटं घेऊन मिरवत लॅबमध्ये गेले.

'भिंत वरची बाजू' हे पाकीट मी आधी उघडलं. काळपट, चुरगळलेले तुरे, पानं आत गुंडाळून दोऱ्यासारखी झालेली. मी एक तुरा काचेवर ठेवला, पाण्याचा एक थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकात बघितलं.

पानं उघडायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक, कड बाहेर वळवत. खालचं, मधलं, टोकाचं. मिनिटभरात तो तुरा हिरवागार होऊन उभा राहिला. मी दुसऱ्या पाकिटातला घेतला. तोही उठला. त्याच पाकिटातल्या रिक्सियाच्या फितीची टोकं वर वळून बसली होती, ती पाणी पिऊन सपाट झाली.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "सुंदर," त्या म्हणाल्या. "वाळून राहायचं आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू व्हायचं. आपल्याकडची तर यात पटाईत. पण हे तुला माहीतच आहे, मागच्या सेमिस्टरला प्रश्न होता ना."

होता. मी लिहिलाही होता, आकृतीसकट, आणि त्यात मला पूर्ण गुण होते. परीक्षेच्या पेपरात जे मला पाठ होतं ते काकीजींच्या परसात मला आठवलं नाही. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती.

सांगायचं की नाही? मी लॅबमधून घरापर्यंत चालत आले आणि वाटभर हाच प्रश्न. नाही सांगितलं तर त्यांना कधीच कळणार नाही. कुणाचंच काही बिघडणार नाही. प्रोजेक्ट होईल, मार्क पडतील, काकीजी समाधानाने दिवाळी करतील. सांगितलं तर सत्तर वर्षं जपलेल्या बाईला मी सांगणार की तुम्ही दोन दिवस, वाकून, आपल्या हाताने, जिवंत झाडून काढलंत. मी परसात आले तेव्हा त्या तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. ते पाऊण तासाच्या वर चालतं आणि तेवढ्या वेळात त्या कुणाशी बोलत नाहीत. मी समोर पायरीवर बसले. त्या पाऊण तासात मी उठून जाऊ शकले असते. दोनदा उठलेही.

मुहपत्ती सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी एका दमात सगळं सांगितलं. पाण्याचा थेंब, उघडलेली पानं, पेपरातला प्रश्न, सगळं.

"डोळ्यांनी बघितलंस?"

"हो."

"सातही?"

"दोनच बघितली. पुढची उघडायचा धीर नाही झाला."

त्यांनी स्वच्छ फरशीकडे बघितलं. मी रडत होते. त्यांनी मला रडू नको वगैरे म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "तीनदा विचारलं मी तुला. का विचारलं तीनदा? माझ्या मनात शंका होती म्हणून. आणि तरी झाडलं, कारण दिवाळी आली होती आणि मला पण फरशी स्वच्छ पाहिजे होती. तू हो म्हणावं याचीच मी वाट बघत होते, बेटा. चूक तुझी एकटीची नाही."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तीन आयंबिल घेतले. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं आणि त्यात तेल, तूप, दूध, दही, गूळ, तिखट, मसाला काही नाही. नुसतं उकडलेलं धान्य. त्यातला एक मीही केला. त्यांनी सांगितला नव्हता, मीच हट्टाने बसले. खानदेशातली पोर, जिच्या घरी तेलाचा तवंग नसेल तर भाजीला भाजी म्हणत नाहीत, ती कोरडे उकडलेले मूग गिळत होती आणि भाभी दारात उभं राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसरा घास खाऊन मला उचकी लागली. काकीजी गंभीरपणे म्हणाल्या, "पाणी पी. तू तर पाण्याशिवाय पण जगशील आता." आणि मग त्याच आधी हसल्या.

संध्याकाळी, ऊन कलल्यावर, आम्ही सातही पाकिटं परसात आणली. त्यांचीच चिठ्ठी वाचून एकेक जिथलं तिथे ठेवलं. भिंत वरची बाजू, नळाशेजारी, घमेल्याजवळ. काचेवर उघडलेले तुरे मी एका बशीत आणले होते, तेही. केळीखालचं उरलेलं सुपाने उचलून सांध्यांत पसरलं. मी विचारलं, पाणी शिंपडू? त्या म्हणाल्या, "नको. तो पाऊस देईल. एवढं थांबतात, तर अजून थांबतील."

प्रोजेक्ट मी आकृत्यांवर दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, नमुने कुठे आहेत? मी म्हटलं, परसात. ते हसले. मी हसले नाही. गुण कमी पडले, पहिला नंबर हुकला. त्याचं मला तेव्हाही दुःख झालं नाही आणि आज तर मुळीच नाही. त्या वर्षी मी जे शिकले ते मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला, पुस्तक उघडायच्या आत सांगते. वाळलेलं आणि मेलेलं यांत फरक असतो. आणि खात्री नसेल तर 'नक्की' म्हणू नये, मग समोरच्याने कितीही विश्वासाने विचारलेलं असो.

पुढच्या ज्येष्ठात काकीजींनी फरशीला चुना लावला नाही. इतकी वर्षं त्या समजत होत्या की उन्हाळ्यात तिथे काही नसतं. आता त्यांना माहीत होतं की असतं. मी तोवर नोकरीसाठी धुळ्याला आले होते. पावसाळ्यात फोन केला की भाभी तक्रार करायच्या, "तू गेलीस सुखाने, आणि रोज सकाळी ती रेघ माझ्या गळ्यात. मला कुठे कळतंय कुठलं शेवाळ आणि कुठली धूळ! सासूबाई पायरीवर बसून सांगतात, इकडे घे, तिकडे घे. सरळ फरशी फोडून ब्लॉक बसवते एक दिवस." दरवर्षी त्या ब्लॉक बसवणार होत्या.

काकीजी मागच्या फाल्गुनात गेल्या. झोपेत, शांतपणे. बातमी कळली तेव्हा आमच्याकडे परीक्षा चालू होत्या, मला जाता आलं नाही, आणि मग ते जाणं लांबत गेलं. परवा, श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात, मी सुट्टी टाकून निघाले. पारोळा, एरंडोल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याला आलेला. गाडीत मी मनाची तयारी करत होते. आता त्या फाटकातून रोज स्थानकात जाणारं कुणी उरलेलं नव्हतं. भाभींची नातवंडं परसात खेळण्याच्या वयाची झालेली, घसरण्याची भीती खरीच. त्यांनी फरशी काढून ब्लॉक बसवले असतील तर मी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, चहा प्यायचा, फोटोला नमस्कार करायचा आणि परत यायचं, असं ठरवलं.

भाभी थकल्यात. केस पांढरे झालेत. आम्ही दोघी काकीजींच्या फोटोसमोर बसून बोललो, थोडं रडलो. चहा झाला. मी परसाबद्दल विचारलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. निघताना म्हटलं, मागच्या फाटकाने जाते, स्टॅंड तिकडून जवळ पडतं. स्टॅंड तिकडून जवळ पडत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मागचं दार उघडलं. फरशी तीच होती, भिंत तीच. रात्री पाऊस होऊन गेलेला, सगळं हिरवं आणि ओलं. आणि उंबऱ्यापासून फाटकापर्यंत रांगोळीची रेघ. त्याच सकाळची, अजून कोरी. ती पत्र्याखालून निघाली होती, नळाशी वळली होती, आणि मधोमध, जिथे माझ्या वेळी ती नेहमी सरळ जायची, तिथे तिने मोठा वळसा घेतला होता. मी वाकून बघितलं. सांध्यातली रिक्सिया यंदा फरशीच्या निम्म्यापर्यंत आली होती.

मी तशीच एक पाय उचलून पुढे टाकणार, एवढ्यात भाभी मागून म्हणाल्या, "बघून पाय टाक गं. जिवंत आहे ते."